मागच्या खोलीतलं पेव

आमच्या ह्यांना जग बुडायची फार घाई होती. लोकांना लेकीच्या लग्नाची काळजी असते, घरावर पत्रे टाकायची असते. ह्यांना काळजी एकच, सगळं कोलमडल्यावर आपण तिघं घरात किती दिवस टिकू. उत्तरही त्यांनी काढून ठेवलं होतं. आठ महिने, दोन वेळची भाकरी धरून.

ह्यांचं नाव मलप्पा. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा ह्यांची बदली उस्मानाबादहून लातूरच्या कचेरीत झाली आणि आम्ही औशाला नव्या आबादीत घर घेतलं. हे रोज एसटीनं लातूरला जायचे आणि टँकरचे कागद लावायचे. कोणत्या गावाला किती खेपा, कुठली विहीर आटली, हे त्यांना सगळ्यांच्या आधी कळायचं. जिल्हा नवा, दुष्काळ जुनाच, असं म्हणायचे आणि संध्याकाळी चपला काढायच्या आत आणखी तीन विहिरी गेल्याचं सांगायचे. मी भोकरची. आमच्याकडे माणूस घरी आला की आधी चहा मागतो.

सगळं कसं कोलमडणार याचा क्रम त्यांना तोंडपाठ होता. आधी रेशनचं दुकान बंद पडेल. मग टँकर थांबतील, मग बाजार. मग पोलीस आपापल्या गावी निघून जातील, आणि शेवटी शेजारी दार वाजवतील. दरोडेखोरांपेक्षा ह्यांना शेजाऱ्यांची धास्ती जास्त. आणि त्यात थोडं खरंही होतं. बहात्तरच्या दुष्काळात हे खडी फोडायच्या कामावर हजेरी घ्यायचे. कामावर खायला मिळणाऱ्या सुकडीच्या एका पुडीवरून एका भावानं सख्ख्या भावाचं डोकं हातोडीनं फोडलेलं त्यांनी समोर पाहिलं होतं. त्या गोष्टीवरून मी त्यांना कधी चिडवलं नाही. बाकी सगळ्यावरून चिडवलं.

तर ह्यांनी मागच्या खोलीत पेव खोदलं. पेव म्हणजे जमिनीतलं कोठार. तोंड एका माणसापुरतं, आत रांजणासारखं पोट, कडेनं कडबा लावून ज्वारी भरायची आणि तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपायची. ह्यांच्या वडिलांच्या गावी अशी पेवं होती, पण ती गल्लीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. पेव उघडायचं म्हणजे चार घरची माणसं गोळा व्हायची. सकाळी फरशी काढायची, दिवसभर तोंड उघडं ठेवून आतली वाफ जाऊ द्यायची, मग कंदील सोडून बघायचा. कंदील तेवत राहिला तरच माणूस उतरणार. आमचं पेव मात्र चोरीचं. हे दोन महिने दर रविवारी खणत होते आणि मुरूम पोत्यात भरून सायकलवरून नेऊन टाकत होते. गल्लीला सांगितलं, संडासचा खड्डा खणतोय. पुढं दोन वर्षं लोक विचारत राहिले, भाऊसाहेब, संडास कधी होणार. खड्डा दोन पुरुष खोल आणि ऐपत आठ पोत्यांची, म्हणून पेव निम्मंच भरलं.

मग तालमी सुरू झाल्या. रविवारी दुपारी हे मध्येच टाळी वाजवायचे. मी एकदा ओरडून इशारा द्यायचा, मग चूल विझवायची, भाकऱ्या ट्रंकेत घालायच्या आणि पुढं अजिबात बोलायचं नाही. आमची शिवकन्या सात वर्षांची. तिच्याकडे पुढचं दार. आई ओरडली की पळत जाऊन कडी लावायची, अडसर घालायचा आणि कोण कितीही हाका मारो, उघडायचं नाही. पोरगी इतकी चपळ की ह्यांचे दहा आकडे मोजून व्हायच्या आत दार बंद. बक्षीस म्हणून लिमलेटची गोळी मिळायची. मला हसू यायचं. कपाळावर हात मारून घ्यायचं सोडून मी हसत होते, याचा मला आजही राग येतो.

समोरच्या घरात पंचशीला आणि तिचा नवरा भीमा राहायचे. ती बालवाडीत शिकवायची, तो विहिरी खोदायचा. दरवर्षी बुद्धपौर्णिमेला तिच्या घरून आमच्याकडे खिरीचं पातेलं यायचं. त्या वर्षी आलं नाही, तेव्हाच मला उमगायला हवं होतं. विहिरी काळ्या दगडापर्यंत गेल्या होत्या आणि भीमाच्या हाताला काम नव्हतं. पौर्णिमेनंतर चार दिवसांनी पंचशीला पदराखाली रिकामा डबा घेऊन आली. रेशनचं दुकान आठ दिवस बंद आहे, दोन पायल्या ज्वारी उसनी द्या, माल आला की फेडते म्हणाली. मी उंबऱ्यात उभी होते आणि माझ्या मागं दहा पावलांवर आठ पोती होती.

"आमच्याच घरात दाना न्हाई गं," मी म्हणाले.

तिनं रिकामा डबा पुन्हा पदराखाली घेतला. मग म्हणाली, असू द्या ताई, आणि गेली. त्या रात्री मी माझी भाकरी तशीच टोपलीत ठेवली. ह्यांना सांगितलं तर ह्यांनी मान डोलावली. बरोबर केलंस म्हणाले. दुकान बंद, शेजारी दारात, म्हणजे आता सुरू झालं.

आमचं वरचं पीठ संपलं होतं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी रजा टाकली आणि पेव उघडायचं ठरवलं. वेळ धरली भर दुपारची. सकाळीच सगळी आबादी रोजगार हमीच्या तलावावर मातीकामाला जायची ती उन्हं कलल्यावर यायची. तेवढ्यात चार टोपल्या काढायच्या आणि फरशी परत लिंपून टाकायची. पुढचं दार नुसतं लोटून ठेवलं, भर दिवसा आतून कडी लावली तर उगाच संशय येईल म्हणाले. मी म्हणाले, मामंजी तर दिवसभर तोंड उघडं ठेवायचे. ह्यांचं उत्तर तयार होतं. पेवातल्या ज्वारीला आंबूस वास असतो, दिवसभर उघडं ठेवलं तर तो वास साऱ्या गल्लीला बोलावून आणील.

फरशी सरकवली तसा तो वास खोलीभर झाला. अर्धा तास वाट पाहिली. मग ह्यांनी कंदील दोरीला बांधून खाली सोडला. तो दाण्यांपर्यंत पोचायच्या आत विझला.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. घरात रॉकेल होतं, पण तेही पुढच्या दिवसांसाठी राखलेलं, कंदिलात हे बोटभरच घालायचे. तेल संपलं असणार, हे म्हणाले. पुन्हा भरून सोडू या, मी म्हणाले. ह्यांनी दाराच्या फटीतून उन्हाची तिरीप कुठवर आली ते पाहिलं आणि शिडी आत सोडली.

उतरताना मला एकच सांगितलं. "काय बी झालं तरी कुनाला बोलवायचं न्हाई. शपथ हाय तुला पोरीची."

हे खाली गेले. टोपली दोरीनं सोडली ती त्यांनी धरली. ओंजळीनं दाणे भरताना आवाज येत होता, एक, दोन, तीन, चार. मग नुसता श्वास ऐकू यायला लागला, जिना चढून आल्यावर लागतो तसा. म्हणाले, "सिंधू, जरा बसतो." मला आधी रागच आला, ही काय बसायची जागा. मी वाकून पाहिलं तर हे ज्वारीवर कुशीला पडलेले, एक हात टोपलीत.

मी हाका मारल्या, अगदी हळू, कुणी ऐकू नये म्हणून. नवरा खाली मरतोय आणि मी कुजबुजत होते, इतकी तालीम अंगात मुरलेली. मग मी शिडीवर पाय टाकला. एक पायरी उतरले, दुसरी उतरले, आणि तोंडापाशीच माझं डोकं गरगरलं. कशीबशी वर आले. तेव्हा कळलं की तेल संपलेलं नव्हतं. पोरीची शपथ होती आणि पोरगी तिथंच दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी तिच्याकडे पाहिलं आणि सगळा जीव गळ्यात आणून भीमाच्या नावानं ओरडले.

आई ओरडली. शिवकन्या पळत गेली, पुढच्या दाराला कडी लावली आणि अडसर घातला.

भीमा घरीच होता, त्या दिवशी तलावावर त्याला काम मिळालं नव्हतं. दोन श्वासांत तो दारावर धडकला. वैनी, काय झालं, दार उघडा, असं तो बाहेरून ओरडत होता आणि आत माझी लेक दाराला पाठ लावून उभी होती. मी मागच्या खोलीतून ओरडले, उघड म्हणून. तिनं मान हलवली. कितीही हाका मारल्या तरी उघडायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला पेवाजवळून उठावंसं वाटत नव्हतं. डोळ्याआड झाले तर हे जातील, असं वेड्यासारखं वाटत होतं. शेवटी धावले आणि पोरीला ओढून बाजूला केलं. अडसर माझ्या हातून दोनदा निसटला. शिवकन्या रडायला लागली. "अप्पा म्हनले व्हते उघडायचं न्हाई," ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

भीमानं कुठं म्हणून विचारलं नाही. सरळ मागच्या खोलीत गेला, त्याच्यामागं पंचशीला. संडास म्हणून खणलेल्या खड्ड्याचा मुरूम दोन वर्षांपूर्वी त्यानं पाहिला असणार, आणि खड्डे खणण्यात तर त्याचा जन्म गेला होता. म्हणजे काल डबा घेऊन पंचशीला माझ्या दारात उभी होती, तेव्हा तिला माहीत होतं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं, पण तेवढ्यासाठीसुद्धा वेळ नव्हता.

भीमा उतरला नाही. मी त्याला ढकलत होते तरी उतरला नाही. उतरलो तर दोघं जाऊ, म्हणाला. विहिरीत असं झालं की वरून पाणी मारतात, पाण्यानं कोंडलेली वाफ हलते. त्यानं घरात नजर फिरवली. सहा घागरी भरलेल्या होत्या, टँकर परवा येणार होता.

"दाना भिजल, वैनी," तो म्हणाला. "भिजला की दोन दिसात कुजतो."

त्याचं बोलणं संपायच्या आत मी पहिली घागर ओतली होती. तो म्हणाला असं नको, जोरात, शिंपडून मारा. मी मारत गेले. सहाच्या सहा संपल्या. पंचशीलानं घरी जाऊन आपल्या तीन आणल्या, शेजारच्या सरजाबाईनं दोन. सरजाबाईला गुडघ्यानं चालवत नव्हतं, म्हणून ती कामावर जायची नाही, पण त्या दोन घागरी तिनं कमरेवर घेऊन आणल्या. भीमानं गोधडी दोरीला बांधून पेवात खालीवर, खालीवर केली. मग कंदील पेटवून सोडला. ज्योत आधी निळी झाली, बारीक झाली, पण राहिली.

त्यानं कमरेला दोर बांधला, छातीभर श्वास घेतला आणि उतरला. आम्ही तिघी वर दोर धरून. तो बोलत नव्हता, बोलला तर श्वास जाईल. खाली पाण्यात दाणे खसखसले, त्यानं आपल्या कमरेचा दोर सोडून ह्यांच्या काखेखालून बांधला. दोराला हिसका बसला आणि आम्ही ओढलं. असं ओझं मी जन्मात ओढलं नाही. पंचशीलाचे तळहात सोलून निघाले, तरी तिनं दोर सोडला नाही. आधी ह्यांचं डोकं वर आलं, ओठ काळेनिळे. मग भीमा स्वतः शिडीनं वर आला आणि उंबऱ्यात पडून ओकला.

ह्यांना दारासमोरच्या कडुलिंबाखाली नेऊन निजवलं. भीमानं छाती दाबली, पंचशीला पदरानं वारा घालत होती. मी काही करत नव्हते. मी फक्त ह्यांचं पोट हलतंय का ते बघत होते. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. मग ह्यांना खोकला आला आणि मी भर रस्त्यात बसून मोठ्यांदा रडले.

ह्यांनी डोळे उघडले. आधी मी दिसले. घोगऱ्या आवाजात म्हणाले, "फरशी लावलीस का?"

ते सगळ्यांनी ऐकलं. सरजाबाईनं तोंड फिरवलं. भीमाचा हात ह्यांच्या छातीवर होता, तो त्यानं काढून घेतला. नवरा जिवंत झाल्यावर पहिल्याच क्षणी त्याच्या मुस्काटात द्यावी असं वाटणारी बाई मीच असेन.

"न्हाई लावली," मी म्हणाले. "दाना समदा भिजला. आता लावायची न्हाई."

 मी पंचशीलाला म्हणाले, टोपली आण, जेवढी नेता येईल तेवढी ने, वाळव, भाज, काहीही कर. ती जागची हलली नाही. भीमाही नाही. ह्यांचा दाणा होता, ह्यांच्या तोंडून शब्द यायला हवा होता. कालपासून उपाशी असतील ती माणसं, पण मालकानं म्हटल्याशिवाय हात लावणार नव्हती. आणि मालक आभाळाकडे बघत पडलेला. ऊन लिंबाच्या पानांतून त्यांच्या अंगावर येत होतं. मला वाटलं, हे तोंड उघडणार नाहीत, आणि उघडलं नाही तर मी शिवकन्येला घेऊन भोकरची गाडी धरणार. खोटं सांगत नाही, मनात पक्कं ठरवलं होतं.

ह्यांनी हळूहळू मान वळवली. ओट्यावर रिकाम्या घागरी आडव्या पडल्या होत्या. ह्यांनी त्या एकेक करून पाहिल्या, आमच्या सहा, समोरच्या तीन, सरजाबाईच्या दोन. कोणत्या घराला टँकरचं किती पाणी मिळतं आणि ते किती दिवस पुरवायचं असतं, हे त्या गल्लीत ह्यांच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. कागद तेच लावत होते.

"भीमा," हे म्हणाले, "घरात प्यायला हाय का?"

"न्हाई, भाऊसाहेब," भीमा म्हणाला. "आमचं पानी तुमच्या पेवात हाय."

ह्यांचा चेहरा आक्रसला. आधी खोकला आला असं वाटलं, पण हे रडत होते, लहान पोरासारखे, तोंडावर हात न घेता. गल्लीतल्या कुणी त्यांना तसं पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. भीमानं त्यांना आधार देऊन बसतं केलं. हे तसेच त्याचा दंड धरून बसले आणि मला म्हणाले, सिंधू, सगळ्यांच्या घरून टोपल्या आण, तलावावर निरोप धाड. आधी पंचशीलाची भर.