उलटा टाका

बाळासोचं नाव माझ्या दुकानात काढायचं न्हाय. फुटबॉल शिवायला आणलासा तर शिवून देतो, पर त्याचं कौतुक सांगायचं असंल तर पायरी उतरा. आधी माझं ऐका, मग खुशाल मला वंगाळ म्हणा.

आमचा बा संस्थानच्या पागेसाठी खोगीर शिवायचा. संस्थान गेलं, पागा मोडली, आणि बा इथं शिवाजी पेठेत चपला सांधत बसला. मी आणि आमच्याच गल्लीतला बाळासो एकाच दिवशी पलटणीत भरती झालो. तिथनं काश्मिरात गेलो, बर्फावर फळ्यांवरनं घसरायला शिकवत्यात तिथं. संगतीला गडहिंग्लजकडचा ईरप्पा. पायाला ही लांबलचक फळी, ती चामडी पट्ट्यानं बांधायची. मिळालेलं पट्टं जुनं हुतं, म्हणून बानं म्हशीचं चामडं तेलात मुरवून पार्सल केलं आणि मी तिघांचं पट्टं शिवलं. माझ्या जोडीवर शेवटाला एक टाका उलटा घातला. ती आमच्या घरची खूण, फक्त आपल्या वस्तूवर घालायची. बाहेर कुणाला ठावं न्हाय.

त्रेपन्न सालच्या फेब्रुवारीत परीक्षा लागली. खिंड चढायची, पलीकडं उतरायचं. तिघांत जो पहिला तळावर पोचंल तो उस्ताद म्हणून तिथंच कायम, वर नाईकाची फीत. बाळासोला ती पायजे हुती, मला त्याच्यापेक्षा जास्त. बाचं पत्र आलतं, "परत येऊ नगंस, चामड्यात आता भाकरी राहिली न्हाय."

आदल्या दिवशी बाळासोनं आपला एक ओला पट्टा शेगडीवर वाळवला. कडा करपल्या. मी खेकसलो, "अरं गाढवा, चामडं हाय का पापड? आगीनं मेलं की ते!"

"चालतंय की," म्हणाला. दुसरा शिवायला चामडंबी उरलं नव्हतं.

फळ्यांच्या तळाला केसाळ कातडं बांधलं की चढताना मागं घसरत न्हाय. तसं बांधून चार तास चढलो. ईरप्पा कन्नडात बर्फाला शिव्या घालायचा आणि आमी हसून हसून काठ्यांवर वाकायचो. खिंडीत पोचलो तशी तिघांनी मिळून "जोतिबाच्या नावानं चांगभलं!" अशी आरोळी ठोकली. आईनं धाडलेलं भडंग खाल्लं. खरं सांगतो, तसा सुखाचा दिस मला परत मिळाला न्हाय.

उतरायच्या आधी फळ्या काढून तळाचं कातडं सोडायचं असतंय. माझी बोटं बधिर झालती. बाळासो म्हणाला, "तू जा, लघवी करून ये. तुझंबी मी करतो." परत आलो, तर पठ्ठ्यानं माझ्या पायाशी बसून पट्टं आवळलं.

"घट्ट हाय का रं?"

"हाय की," मी म्हटलं. खाली बघितलंबी न्हाय. दोस्त पायाशी बसल्यावर कोण बघतंय?

दुसऱ्याच वळणाला उजवा पट्टा तुटला. फळी एकीकडं, मी दुसरीकडं, आणि गुडघ्याचा असा आवाज झाला की अजून कानात हाय. तुटका पट्टा बर्फात गडप झाला. बाळासो पुढं निघून गेला. ईरप्पा परत वर चढून आला, मला फळ्यांवर बांधलं आणि ओढत खाली नेलं. बाळासोला फीत मिळाली, मला काठी आणि घरचा रस्ता.

घरी आल्यावर बानं एवढंच इचारलं, "कुठलं चामडं तुटलं?"

मी म्हटलं, "आपलंच."

त्यानं चामडं टोचायची आरी खाली ठेवली, ती परत हातात धरली न्हाय. "माझ्या चामड्यानं पोराचा पाय घेतला," एवढंच घोकायचा. दोन वर्सांत गेला. मीबी तसंच मानत हुतो. चार वर्सं झाली, प्रत्येक टाका दोनदा ओढून बघतोय.

आणि बाळासो सुट्टीवर आला की आई त्याला ओवाळायची. "माझ्या लेकाला खांद्यावरनं आणलंस रं बाबा." ही थाप त्यानंच पेठेत मारलेली. दोस्त हाय, मारू दे थापा, म्हटलं.

परवा आला. आता हवालदार झालाय. "अंबादास!" म्हणून मिठी मारली आणि पिशवीतनं एक पट्टा काढून माझ्या पुढ्यात टाकला.

"ह्यो बघ, तुझ्या हातचा. अजून हलला न्हाय. असलं चार शिवून दे."

मी उचलला. मऊ. कडा कुठंच करपलेल्या न्हाईत. शेवटाला अंगठा फिरवला, तर उलटा टाका.

माझा पट्टा. खिंडीत बदललेला. म्हणजे माझ्या पायात तुटला तो त्याचा करपलेला. गुडघ्याचं जाऊ द्या. आमचा बा स्वतःच्या हाताला दोष देत मेला हो! आणि त्याच्या चामड्यात काय खोट नव्हती.

आई आतनं चहा घेऊन आली. "बस की बाळासो." त्यानं कप घेतला. "मग कधी देतोस?" मला इचारलं.

मी पट्टा गुंडाळून खिशात घातला. "पावणं," म्हटलं, "कुठल्या गावचं तुमी? वळखीबिगर मी काम घेत न्हाय."

त्यानं माझ्या तोंडाकडं बघितलं, मग खिशाकडं. कप तसाच भरलेला ठेवला आणि पायरी उतरला.

"अरं, असं काय बोललास त्याला?" आई माझ्यावर खवळली. "ह्यो त्याच्या पिशवीतनं निघाला," म्हणून मी पट्टा तिच्या हातात दिला. तिनं शेवटाला अंगठा फिरवला. कितीतरी वेळ फिरवत राहिली. मग त्यो कप उचलला आणि चहासकट गटारीत फेकला.