चनमल्लप्पाची संजीवनी

चनमल्लप्पा मोठा भाविक आहे असं कुणी म्हटलं, की रामहरीबुवा तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात सारत आणि काहीच बोलत नसत. त्या न बोलण्यात बरंच काही असे. बाजारातल्या मारुतीला चनमल्लप्पानं चांदीचे डोळे केले होते, हे खरं. घंटा दिली, समया दिल्या, पाण्याच्या रांजणाला तांब्याचं झाकण दिलं. पण घंटेवर चनमल्लप्पा, समयांवर चनमल्लप्पा आणि झाकणावरही चनमल्लप्पा. तहानेनं जीव कासावीस झालेल्या माणसानं आधी मालकाचं नाव वाचावं आणि मग पाणी प्यावं, अशी सोय. मारुतीरायाची शेपटी तेवढी कोरी राहिली होती, ती शेंदरावर अक्षर धरत नाही म्हणून.

सोलापुरातल्या त्या पेठेत चनमल्लप्पाचं मसाल्याचं दुकान होतं, आणि चैत्रातला मारुतीचा सप्ताह त्याच्या खर्चानं चाले. सप्ताहात कीर्तन रामहरीबुवांचं. ऐन तारुण्यात ते इथं पहिल्यांदा उभे राहिले, तेव्हा त्यांच्या आवाजानं पेठेतली मागं टेकलेली माणसं ताठ बसत. आता मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. वरच्या षड्जाला जाता जाता आवाज जिन्यात दम लागल्यासारखा मधेच थांबे. बाकीच्या गावांनी एकेक करून दुसरे बुवा पाहिले होते, झोकदार फेटे बांधणारे, नाटकातल्या चाली लावणारे. सातही दिवस बोलावणारं देऊळ हे एवढं एकच उरलं होतं. बुवांना ते ठाऊक होतं. आणि चनमल्लप्पालाही ते ठाऊक आहे, हेसुद्धा त्यांना ठाऊक होतं.

त्या वर्षी गिरणीतला जर्मन इंजिनियर साहेब सोलापूर सोडून मायदेशी निघाला आणि त्याच्या बंगल्यावर सामानाचा लिलाव झाला. शहाण्या लोकांनी खुर्च्या घेतल्या, आरसे घेतले. चनमल्लप्पानं एक बंद पेटारा घेतला. बंद आहे म्हणजे आत काहीतरी लपवलेलं असणार, आणि लपवलेलं आहे म्हणजे भारी असणार, असा त्याचा हिशेब. उघडला तर आत पांढरट, कुरळं, वाळलेलं काहीतरी. फांदीला फांद्या, त्या फांद्यांना आणखी बारीक फांद्या, जशी पोवळ्याची झुडपं. हाताला कुरकुरीत, वजनाला काही नाही.

दुसऱ्या कुणी ते उकिरड्यावर टाकलं असतं. पण चनमल्लप्पाचा जन्म काळ्या मसाल्यात दगडफूल टाकण्यात गेलेला. वाळकं, हलकं, कुरळं दिसलं की त्याला ते दगडफूलच वाटायचं. हे तर पांढरं दगडफूल, शिवाय साहेबाच्या घरातलं. पहिल्या दिवशी ते विलायती होतं. चार दिवसांनी ते हिमालयातलं झालं. सप्ताह सुरू होईतो ते थेट द्रोणागिरीवरचं झालं, मारुतीराय पर्वत घेऊन उडताना वाटेत सांडलेलं. ते सांडलेलं नेमकं जर्मन साहेबाच्या पेटाऱ्यात कसं पडलं, हे विचारायची बुद्धी पेठेत कुणाला झाली नाही. पेठ अशा बाबतीत मोठी श्रद्धाळू.

समाप्तीच्या आदल्या दिवशी दुपारी चनमल्लप्पा देवळाच्या ओवरीत आला. बुवा तिथंच उतरले होते. उद्याच्या भंडाऱ्याच्या आमटीत हाच मसाला पडणार, आणि परवापासून दुकानात त्याच्याच पुड्या, 'संजीवनी मसाला' या नावानं, असं त्यानं सांगितलं. मग पंचा सारखा करून तो जवळ सरकला.

"नोड्री, बघा बुवा, आमी शंभर येळा वरडलो तरी लोक म्हणणार, धंदा करतोय. तुमी नारदाच्या गादीवरनं येकदा म्हणायचं, ही मारुतीरायाची संजीवनी. आन् ती आपल्या चनमल्लप्पाकडं मिळते. लई न्हाय, पूर्वरंगात दोन शब्द."

बुवा म्हणाले, गादीवरून देवाशिवाय कुणाची जाहिरात त्यांनी आजवर केली नाही, आणि देवाला तिची गरज नसते.

चनमल्लप्पा हसला. हसताना त्याचे डोळे मात्र त्या चांदीच्या डोळ्यांसारखेच राहत. म्हणाला, "सांगलीकडचा येक बुवा पुढच्या साली यायला तयार हाय. पोरगाच हाय. गळा म्हंजे शंख. पण मी म्हटलं, आपल्या बुवांना विचारल्याबिगर कसं?" एवढं बोलून तो मारुतीला नमस्कार करून गेला. जाता जाता घंटाही वाजवली, स्वतःचं नाव असलेली.

तो गेला आणि मागच्या दारानं गोजरबाई आली. भंडाऱ्याची चूल दरवर्षी तिची. मसाला तिनंच कुटला होता, हात अजून तिखटानं लाल होते. "बुवा," ती म्हणाली, "दगडफूल तव्यावर टाकलं की वास सुटतो, गल्लीला कळतं. ह्येला वास न्हाय. जिभंवर ठिवलं तर कडू जहर. मालकास्नी सांगितलं, तर म्हंत्यात औशद कडूच असतंय." तिनं पदरातून न कुटलेली मूठभर फांदी काढून बुवांपुढं ठेवली आणि उभी राहिली, जणू हे कोडं सोडवणं बुवांचं काम.

बुवांना काही ते सुटेना. पण गिरणीतला रंगमास्तर मानसिंग त्याच वेळी देवळात आला. हा सुताला रंग चढवायची विद्या शिकायला दोन वर्षं जर्मनीत राहून आला होता. हॅट घालायचा, ती देवळाबाहेर दगडावर काढून ठेवायचा आणि कीर्तनाला खांबाआड बसायचा. बुवांचं त्याच्याविषयीचं मत आजवर त्या हॅटपाशीच थांबलं होतं. त्यानं ती फांदी पाहिली आणि खाली बसला.

त्यानं सांगितलं ते असं. हे दगडफुलाचंच लांबचं भावंड. पण दगडावर नव्हे, उत्तरेकडच्या बर्फाळ मुलखात उघड्या जमिनीवर वाढतं. झाड नाही, पाला नाही, मूळ नाही. बुरशी आणि शेवाळ असे दोन जीव एका देहात राहतात. बुरशीनं घर बांधायचं, ओलावा धरायचा. शेवाळानं उन्हावर दोघांचं अन्न रांधायचं. वर्षाकाठी तांदळाच्या दाण्याएवढंसुद्धा पुरं वाढत नाही. तिकडं सांबरासारखा मोठ्या शिंगांचा प्राणी असतो, रेनडियर म्हणतात. तो हिवाळाभर याच्यावर जगतो. हातभर बर्फाखालचा वास घेतो आणि खुरांनी उकरून खातो. तिथली माणसं त्या कळपांच्या मागं फिरतात, कारण एकदा चरलेलं रान पुन्हा भरायला माणसाची अर्धी हयात जाते. दुष्काळात तिकडच्या गरिबांनी हे खाल्लंय, पण राखेच्या पाण्यात उकळून, कडूपणा काढून, पिठात मिसळून. तसंच कच्चं खाल्लं तर पोटात पिळा पडतो.

"आणि साहेबाकडं हे कशाला?" बुवांनी विचारलं.

मानसिंग म्हणाला, "साहेबांची मुलगी इथं वारली, बुवा. तीन-चार वर्षांची होती. जर्मनीत लोक याची हारासारखी गोल चक्रं गुंफून थडग्यावर वाहतात. इथं ताजी फुलं दुपारपर्यंत वाळून जातात. म्हणून बाईंनी हे पेटाराभर मागवलं होतं. दर हिवाळ्यात त्या स्वतः चक्र गुंफायच्या, मी पाहिलंय."

गोजरबाईनं पदर तोंडाला लावला. बुवांनी विचारलं, हे मालकाला माहीत आहे का.

"परवाच दुकानात पेटारा पाहिला, तेव्हा मी सांगितलं," मानसिंग म्हणाला. " म्हणाले, दळल्यावर कोण ओळखतंय."

बुवांनी ती फांदी उचलून तळहातावर घेतली. चनमल्लप्पा चुकला तोवर तो नुसता मूर्ख होता, आणि मूर्खपणा देव पदरात घेतो. पेठेतला सगळाच तर घेत आलाय. पण कळल्यावरही एका आईनं लेकरासाठी जपलेली वस्तू आमटीत ढकलायची आणि वर तिला संजीवनी म्हणवून घ्यायची? तेही नारदाच्या गादीवरून? सांगलीच्या पोराचा शंखासारखा गळा त्यांना आठवला. हे देऊळ गेलं की कुठल्याच देवळात पूर्ण सप्ताह नाही, हेही आठवलं. गोजरबाई अजून उभीच होती. त्यांनी तिला एवढंच सांगितलं, की उद्या डाळ शिजव, पण पूर्वरंग संपेपर्यंत मसाला टाकू नको.

दुसऱ्या दिवशी सकाळी देऊळ भरलं. चनमल्लप्पा अगदी पुढं, जरीचं उपरणं घेऊन, गुडघ्यावर हात ठेवून, फोटोला बसल्यासारखा. नमन झालं, नामाचा गजर झाला. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या आणि देव भक्ताला कसा लागतो, भक्त देवाला कसा लागतो, हा विषय काढला. मग म्हणाले, आज दृष्टांत शेतातला नाही की बाजारातला नाही, पार बर्फातला आहे.

चनमल्लप्पाची मान डुलू लागली.

बुवांनी ते पांढरं वन उभं केलं. मंगळवेढ्याकडची ज्वारी हिवाळ्यात दवावर कशी तग धरते ते सोलापूरला सांगावं लागत नाही. हे तर दवावरच जगतं, सुकलं की झोपतं, ओल लागली की जागं होतं. घर एकाचं, चूल दुसऱ्याची, आणि बाहेरून बघणाऱ्याला एकच देह. बुरशी म्हणत नाही की मी घर बांधलं, माझं नाव कोरा. शेवाळ म्हणत नाही की मी रांधलं, माझं नाव झाकणावर घाला. एवढ्यावर बायकांत खसखस पिकली. चनमल्लप्पाही हसला, त्याला वाटलं, आता संजीवनी आलीच. बर्फ उकरणारा तो शिंगाळ प्राणी बुवांनी असा उभा केला, की पुढची पोरं त्याच्या खुरांना वाट द्यायला मागं सरकली.

"आणि माणसं त्याचं काय करतात, माहीत आहे का?" बुवा म्हणाले. आवाज खाली आला होता. "ज्यांचं लेकरू मातीत गेलं, त्या आया त्याचं चक्र गुंफतात आणि त्या मातीवर ठेवतात. कारण ते सुकतं, पण कोमेजत नाही. आपल्या सोलापुरातही अशी एक आई होती. ती गेली, पेटारा राहिला. तो पेटारा आज आपल्या भंडाऱ्याच्या मसाल्यात कुटलाय."

बुवा चनमल्लप्पाकडं वळले.

"मला सांगण्यात आलं होतं, की याला संजीवनी म्हण. मारुतीराय लंकेहून हिमालयात गेले ते दुसऱ्याचा जीव वाचवायला. त्यांना औषधी ओळखता आली नाही, तर त्यांनी अख्खा डोंगर उचलला, पण खोटी फांदी नेऊन दिली नाही. त्यांच्यापुढं उभा राहून मी ही पुडी विकू? चनमल्लप्पा, तुमच्या दुकानात सगळं मिळत असेल. आईचं दुःख तोळ्यावर विकायला काढलेलं हे पहिलंच दुकान मी पाहतोय."

कीर्तन चालू असताना कुणी उठत नाही. उठलाच तर तो देवाला पाठ दाखवून गेला, असं पेठ पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेली. चनमल्लप्पा बसून राहिला. उपरण्याचा जर मुठीत चुरगळत होता. आणि पूर्वरंग संपल्यावर रीतच अशी, की यजमानानं उठून बुवांना हार घालायचा, बुक्का लावायचा, पाया पडायचं. सगळं देऊळ त्याच्याकडं बघत होतं. हार घातला नाही, तर सप्ताह त्याचा कसा? आणि सप्ताह त्याचा नाही म्हटल्यावर एवढ्या नावांचं काय करायचं? तो उठला. हार त्यानं बैलाच्या गळ्यात दावं टाकावं तसा टाकला. वाकला, तेव्हा कानाशी म्हणाला, "पुढच्या साली तसदी घेऊ नका."

बुवांनी रीतीप्रमाणं त्याला आलिंगन दिलं. उदबत्तीचा आणि हिंगाचा वास आला. त्या एका क्षणी बुवांना वाटून गेलं, की आपण शेवटची दोन वाक्यं जरा चवीनं बोललो, गादी त्यासाठीही नसते. पण तोवर मृदंग सुरू झाला होता. उत्तररंगात लंका पेटली. वरच्या षड्जावर आवाज नेहमीसारखाच थांबला. चमत्कार वगैरे काही झाला नाही.

गोजरबाईनं मसाल्याचं ताट बाजूला केलं आणि डाळीला नुसती मिरची-लसणाची फोडणी दिली. कीर्तनात डोळे पुसणारी माणसं पंगतीत बसली आणि यंदा आमटी अगदीच बेचव झाली म्हणून कुरकुरली. भात मात्र दोन-दोनदा मागून घेतला.

पुढची कथा पेठेला शोभेल अशीच. आठवड्याच्या आत लोक चनमल्लप्पाच्या दुकानात येऊन विचारू लागले, की बुवांनी कीर्तनात सांगितलं ते बर्फातलं हेच का. चनमल्लप्पानं खिन्न चेहऱ्यानं हो म्हणावं आणि पुडी बांधावी. पेटारा संपला तसं त्यानं साधं दगडफूल चुन्याच्या पाण्यात धुऊन पांढरं केलं. पुढच्या चैत्रात सांगलीचा बुवा आला, गळा खरंच शंखासारखा, आणि बुवांसाठी हळहळलेली सगळी पेठ त्याच्यापुढं डोलत बसली. मानसिंग तेवढा आला नाही. गोजरबाई आली, पण ती चुलीपाशी. तिला काय, चूल पेटवायची होती.

रामहरीबुवा त्या चैत्रात मंगळवेढ्याच्या अलीकडं एका वाडीवर होते. सप्ताह नव्हता, एक दिवसाचं कीर्तन. मारुतीला छप्पर नव्हतं, मृदंग वाजवणारा रानातून थेट आलेला, हात मातीचे. नमन झालं आणि भीमा नावाचा म्हातारा पुढं सरकून बसला.

"बुवा, सोलापुरात तुमी त्या बर्फातल्या जनावराचं सांगितलं म्हनं. त्ये सांगा की."

बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. बुरशी आणि शेवाळ सांगितलं, दव सांगितलं, खुरांनी उकरलेलं बर्फ सांगितलं, आणि लेकराच्या मातीवर चक्र ठेवणारी आई सांगितली. चनमल्लप्पाचं नाव जिथं यायचं, तिथं ते क्षणभर थांबले, आणि ते न घेता सरळ नामाच्या गजराला लागले.