बाहेरच्या खोलीतला स्पीकर

पेटीवरचा दिवा लाल झाला तेव्हा बाबा कुणाच्या तरी कोटाची बाही उसवत होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून दिव्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा बाही उसवायला लागले. आमच्या घरात संकटाची बातमी अशीच दिली जाते.

पेटी म्हणजे बाबांची सगळी गाणी. शिवणयंत्राशेजारच्या टेबलाखाली, इस्त्रीपासून लांब, एक काळा डबा आहे. त्यात एक डिस्क फिरते आणि बाबांनी जन्मभर जमवलेलं संगीत त्या एका डिस्कवर आहे. पेटी घरच्या वायफायला जोडलेली. टॅबवर बोट ठेवलं की बाहेरच्या खोलीतला स्पीकर वाजतो. पासवर्ड माहीत असेल तर माणूस जगाच्या पाठीवर कुठेही बसून तीच गाणी आपल्या फोनवर ऐकू शकतो. पासवर्ड आम्हा तिघांनाच माहीत आहे: बाबा, मी आणि माझा धाकटा भाऊ. पेटी बसवली धाकट्यानेच. दुसऱ्या डिस्कसाठी त्यात एक खाच रिकामी आहे. एक डिस्क गेली तर दुसरी हवी म्हणून तो पुढच्या महिन्यात आणणार होता. तो पुढचा महिना आलाच नाही.

बाबा शिंपी. मी मागच्या खोलीत बसून दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवते. आई जाऊन बरीच वर्षं झाली. लोकांची बोळकी भरण्यात माझा दिवस जातो, पण आमच्या स्वतःच्या घरात कुणी कामाचं बोलायला तोंड उघडेल तर शपथ.

भांडण झालं ते गाण्यांवरूनच. बाबांकडे भिंतभर रेकॉर्ड्स होत्या आणि प्रत्येकीला त्यांनी कोटाच्या उरलेल्या अस्तराची खोळ शिवली होती. व्हायोलिनच्या रेकॉर्डला वकिलाच्या कोटाचं निळं अस्तर, क्लॅरिनेटला बँकेच्या मॅनेजरचं करडं. कुठलं अस्तर कुणाचं हे त्यांना तोंडपाठ. धाकट्याने वर्षभर खपून एकेक रेकॉर्ड पेटीत उतरवली. बाबा म्हणाले, मधली खरखर काढू नकोस, तर तीही ठेवली. मग बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांना धूळ लागू देऊ नका. या शहाण्याने बाबा दवाखान्यात असतानाच भिंत रिकामी केली आणि सगळ्या रेकॉर्ड्स भंगारवाल्याला देऊन टाकल्या. मी त्या दिवशी कवळ्या पोचवायला गावभर फिरत होते. परत आले तर खोली धुऊनपुसून लख्ख आणि कोपऱ्यात खोळींचा ढीग. भंगारवाल्याला कापड नको होतं.

बाबा काळा चष्मा लावून घरी आले आणि भिंतीला हात लावत उभे राहिले.

"सगळं पेटीत आहे, बाबा," धाकटा म्हणाला. "एकही गाणं गेलेलं नाही. पेटी झिजत नाही, धूळ खात नाही."

"हातात धरायला काय ठेवलंस मला?"

"हातात धरून काय करायचंय? ऐकायचंच ना?"

"मग तुलाही डोळ्यांसमोर कशाला ठेवू?" बाबा म्हणाले. "जा तू."

धाकटा संध्याकाळी पिशवी भरून गेला. मी फोन केले, त्याने उचलले नाहीत, आणि काही दिवसांनी तो नंबरच बंद झाला. नवा नंबर त्याने दिला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. आमच्याकडे तर सुंभ दोन.

गाणी कोण ऐकतंय हे टॅबवर दिसतं. "बाहेरची खोली" अशी एक ओळ असते आणि तिच्यापुढे गाण्याचं नाव. महिन्याभराने एका सकाळी तिच्याखाली दुसरी ओळ उगवली: "धाकटा, फोन". पुढे तीच क्लॅरिनेटची धून, जी बाबा कापड बेतायला घेताना लावतात. मी पाहिलं. मी पाहिलेलं बाबांनी पाहिलं. मग अळीमिळी गुपचिळी.

त्यानंतर बाबा बदलले, पण कबूल करतील तर ते बाबा कसले. जुन्या बाजारात जाऊन सीड्या धुंडाळायला लागले. त्या पेटीत कशा चढवायच्या हे कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटरवाल्याकडून शिकून आले, आणि "नवीन" नावाचा एक फोल्डर केला. बाबांना अ‍ॅकॉर्डियन कधीच आवडलं नाही. ते ऐकलं की दात शिवशिवतात म्हणायचे. धाकट्याला ते लहानपणापासून आवडायचं. तर "नवीन"मध्ये सगळं अ‍ॅकॉर्डियन. बाबा रात्री चढवायचे आणि दुसऱ्या दिवशी धाकट्याच्या ओळीपुढे तेच दिसायचं. मग बाबांची मशीन जरा जोरात चालायची. आणि धाकटा कधी व्हायोलिन लावायचा, तर ते संपल्यावर बाहेरच्या खोलीत तेच व्हायोलिन. एकदा मी न राहवून विचारलं, "हेच आत्ता कसं काय लावलंत?" म्हणाले, "सुचलं." मला हसूही आलं आणि रागही. एवढं सुचतं तर माणसाशी दोन शब्द बोलायचं का सुचत नाही?

आणि आता हा लाल दिवा.

कॉम्प्युटरवाला आला, त्याने पेटीला कान लावला आणि तोंड वाकडं केलं. "डिस्क जायला आलीय. आत्ता बंद करा. नवी मागवतो, यायला थोडे दिवस लागतील, मग दुकानात नेऊन सगळं उतरवून देतो. बंद राहिली तर वाचेल. चालू ठेवाल तर कधी दगा देईल सांगता येत नाही."

"बंद करायची नाही," बाबा म्हणाले.

"काका, सगळं जाईल."

"नवी डिस्क आली की ये. इथे बसून उतरव. तोवर चालू राहील."

तो गेल्यावर मी बाबांवर तोफ डागली. जन्मभराची ठेव आहे, दुसरीकडे तिची प्रत नाही, रेकॉर्ड्स तर कधीच भंगारात गेल्या, आणि तुम्ही चार दिवस रेडिओ ऐकू शकत नाही?  मग माझ्या तोंडून ते निघून गेलं जे इतके दिवस आम्ही दोघंही बोललो नव्हतो.

"तो ऐकायला येईल आणि पेटी बंद दिसेल, म्हणून ना?"

बाबांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला.

"जा म्हटलं होतं मी त्याला," ते म्हणाले. "आता तेवढं एक दार उघडं आहे. तेही लावलं तर त्याला वाटेल, म्हाताऱ्याने उरलंसुरलंही तोडलं. मग तो पुन्हा फिरकायचा नाही. जातील ती गाणी गेली तर."

 माझी भीती दुप्पट झाली, कारण डिस्क मेली तर गाणीही जाणार होती आणि ते दारही. मी परत मागच्या खोलीत गेले आणि एक चांगली जमलेली कवळी घासून घासून बिघडवली.

त्या दिवसापासून बाहेरच्या खोलीत गाणं लागलं नाही. आधी मला वाटलं, बाबांचा मूड नाही. मग बघितलं तर ते टॅबकडे नुसते बघत बसायचे, हात लावायचे नाहीत. नुसता मशीनचा आवाज. इतक्या वर्षांत मी ती मशीन एकटी कधी ऐकलीच नव्हती.

"लावा की काहीतरी," मी म्हटलं.

"कशाला? जेवढं फिरायचं तिला बळ आहे, तेवढं ज्याला ऐकायचंय त्याच्यासाठी फिरू दे."

नाव अजूनही घ्यायचं नव्हतं. मी चहा टाकायच्या निमित्ताने आत गेले.

पण धाकट्याने भलतंच आरंभलं. एरवी त्याची ओळ सकाळी थोडी, संध्याकाळी थोडी दिसायची. आता ती उठल्यापासून झोपेपर्यंत पेटलेली. क्लॅरिनेट लावायचा, अर्ध्यात तोडायचा. व्हायोलिन लावायचा, तेच परत, परत तेच. बाबांच्या आवडीची एकूण एक गाणी त्याने त्या दिवसांत लावली. पेटी खालून गरम व्हायला लागली. आत टकटक सुरू झाली, कवळी सैल झालेला माणूस जेवताना वाजतो तशी.

"दिवसभर घरी कसा हा?" बाबा विचारायचे. त्यांचं कामातलं लक्षच उडालं होतं. एका गिऱ्हाइकाच्या कोटाला डाव्या बाजूला उजवी बाही लावून बसले. "कामाला जात नाही? काढून टाकलं की काय? आजारी नसेल ना?"

"मला काय माहीत? विचारायची सोय ठेवली आहे का कुणी?"

हे मी बोलायला नको होतं. पण मलाही तेच वाटत होतं. कुठल्यातरी खोलीत तो अंथरुणाला खिळलाय, जवळ कुणी नाही, आणि उशाशी फोनवर आपल्या घरची गाणी लावून पडलाय, असं चित्र डोळ्यांसमोरून हलेना. थांब जरा, त्या डिस्कला दम घेऊ दे, हे सांगायलाही वाट नव्हती.

नवी डिस्क येण्याच्या आदल्या दिवशी, दुपारी जेवायला बसलो असताना टकटक थांबली. बाबा घास हातात धरून तसेच राहिले. टॅबवर पाटी आली: पेटी सापडत नाही. दोन्ही ओळी नाहीत, गाण्यांची यादी नाही, काही नाही.

कॉम्प्युटरवाल्याने दुसऱ्या दिवशी येऊन खूप खटपट केली. शेवटी डिस्क बाहेर काढून टेबलावर ठेवली. "ही गेली. मोठ्या शहरात काढून देणारे असतात, पण आवाज ऐकला ना मी, आशा धरू नका. काका, मी तेव्हाच म्हटलं होतं, बंद ठेवली असती तर..."

"पुरे," मी म्हटलं. स्वतः हेच बोलून भांडले होते, पण दुसऱ्या कुणी बाबांना ऐकवलेलं मला सोसलं नाही. नवी डिस्क खाचेत बसवून तो गेला. डिस्क नवी कोरी आणि आत काहीच नाही. रेकॉर्ड्स गेल्या, पेटीतलं गेलं, पोरगा गेला. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. बाबा मेलेली डिस्क हातात घेऊन बसले होते. हातात धरायला काहीतरी मिळालं होतं एकदाचं, आणि ते असं.

फोन आला तो दोन दिवसांनी. अनोळखी नंबर. माझे हात साच्याच्या प्लॅस्टरने भरलेले, म्हणून कोपराने बटण दाबून आवाज मोठा केला.

"ताई, बाबा बरे आहेत ना?"

ना नमस्कार, ना कशी आहेस. मी तशाच हातांनी फोन उचलला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बाबांच्या मशीनवर ठेवला.

"बरे आहेत. समोर बसलेत."

"खरं सांग."

"खोटं सांगायला तू मोठा कोण लागून गेलास? बरे आहेत म्हटलं ना."

"मग बाहेरची खोली बंद का होती?" त्याचा आवाज चिरकला. "किती दिवस काही वाजलंच नाही. आधी वाटलं, रागावलेत. मग वाटलं, दवाखान्यात असतील. मी त्यांची सगळी गाणी लावली, दिवसभर लावत बसलो, कामावर दांड्या मारल्या. म्हटलं, एखादं तरी बघून लावतील. नाहीच लावलं. आणि मग सगळंच बंद झालं. मला वाटलं, गेले."

मी बाबांकडे पाहिलं. ते कातरीकडे बघत होते.

"डिस्क खराब झाली होती रे," मी म्हटलं. "तुला ऐकायला मिळावं म्हणून ते स्वतः लावत नव्हते. तिला जपत होते. आणि तू तिला दिवसभर पळवलीस. गेली ती. सगळं गेलं."

"सगळं नाही गेलं. माझ्याकडे आहे."

"काय आहे?"

"सगळंच. निघताना एका डिस्कवर भरून घेतलं होतं. नंतरचं 'नवीन'मधलंही रोज उतरवून घेत होतो."

मला कळेना हसावं की त्याला शिव्या द्याव्यात. "सगळी गाणी तुझ्या उशाशी होती? मग इथून कशाला वाजवत होतास मेल्या?"



"तिथून वाजवलं की तुम्हाला माझं नाव दिसायचं ना," तो म्हणाला.

बाबांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाने पुसला आणि न लावताच बाजूला ठेवला. पलीकडे धाकटा भरभर बोलायला लागला होता. पेटीत नवी डिस्क बसवा, मी इंटरनेटवरून पाठवतो, एक-दोन दिवसांत सगळं चढेल, बाबांना काहीच करावं लागणार नाही.

"पाठवायचं नाही," बाबा म्हणाले.

 तो गेल्यापासून बाबांचा आवाज त्याने ऐकलाच नव्हता.

"घेऊन यायचं. हातात."

एवढं बोलून बाबा खाली वाकले आणि टेबलाखालच्या गाठोड्यातून जुन्या खोळी काढून बघायला लागले. निळी, करडी, तपकिरी. सगळ्या रेकॉर्डच्या मापाच्या, डिस्कला फार मोठ्या. त्या त्यांनी नीट घडी करून परत ठेवल्या. मग कपाटातून अस्तराचा एक नवा तुकडा काढला, टेबलावर पसरला, गळ्यातली टेप हातात घेतली आणि फोनकडे तोंड केलं.

"लांबी सांग आधी," ते म्हणाले. "मग रुंदी. आणि जाडी विसरू नकोस."

 पलीकडे धाकट्याने नाक ओढलं.

"थांबा बाबा," तो म्हणाला. "पट्टी शोधतो."