एक्कावन्न सेकंदं

"काळ कुणासाठी थांबत नाही!" घड्याळजी गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचा. त्याच्या मागच्या भिंतीवर अकरापैकी सात घड्याळं बंद असायची.

सध्या मात्र त्याला वेगळ्याच थांबण्यानं पछाडलं होतं. धाकट्या बहिणीला एक दुर्मीळ आनुवंशिक आजार निघाला होता. बरणीचं झाकण धरलं की तिची बोटं लवकर सुटत नसत आणि झोपेत श्वास मध्येच बंद पडे. "मेंदूला प्राणवायू कमी पडतो, म्हणून विसरायला होतं. आठवडाभर नोंद ठेवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. एक दिवस ही मलाच विसरेल, या धास्तीनं घड्याळजी रोज दुपारी दुकान बंद करून स्टॉपवॉच घेऊन तिच्या उशाशी बसू लागला.

ती घोरायची. मग एकदम चिडीचूप. भिंती कान देऊन बसल्यासारख्या वाटत. बत्तीस... तेहेतीस... चौतिसाव्या सेकंदाला ती विहिरीतून वर आल्यासारखी श्वास घेई. तो वहीत लिही.

आठव्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दोघांसमोर वही उघडली. "यातलं तुमचं अक्षर कोणतं?"

"सगळं माझंच की!" तो वाकला. आज सगळं जरा अंधुकच दिसत होतं. तरी दिसलं. त्याच्या प्रत्येक ओळीखाली गोल वळणाची दुसरी ओळ. 'दोन वीस. दादा. एक्कावन्न सेकंदं.' 'दोन चाळीस. दादा. अठ्ठेचाळीस.'

"मी डोळ्याला डोळा लावला नाही!"

"रोज खुर्चीत झोपायचास," बहीण म्हणाली. "तुझं घोरणं थांबलं की मला जाग यायची."

"मग सांगितलं नाहीस?"

"रोज सांगितलं. चहा पिताना. आणि रोज तू पहिल्यांदाच ऐकल्यासारखा दचकलास."

"घट्ट धरा," म्हणत डॉक्टरीणबाईंनी हात पुढे केला. त्यानं तो घट्ट धरला.

"आता सोडा."

"धंद्याची पकड आहे ही," तो म्हणाला. बोटं सुटेनात. मग एकेक करून उघडली, दुसऱ्याच कुणाची असल्यासारखी.

"आईवडिलांकडून आलेला वारसा आहे," बाई म्हणाल्या. "वाटणीत तुम्हालाही मिळालेला दिसतो. उद्या दोघंही इथे झोपायला या. तपासून झोपेत श्वास चालू ठेवणारा मास्क देऊ."

घड्याळजीनं वही डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

"दादा," बहीण हळूच म्हणाली, "आधी माझा चष्मा दे. सकाळपासून तूच घातलायस."