दाराने न ओळखलेली ताई

वाचनालयाच्या दाराने ग्रंथपाल बाईंना ओळखायला नकार दिला, त्याचा हा तिसरा दिवस. एकतीस वर्षं याच दाराची किल्ली बाईंच्या पिशवीत होती. मग कुलूप गेलं, किल्ली गेली आणि चौकटीवर एक काळा डोळा येऊन बसला. त्याच्यासमोर उभं राहायचं. तो तोंड बघणार, दफ्तरातल्या फोटोशी ताडून पाहणार आणि पटलं तर दार उघडणार. बाई रोज वेळेवर येऊन उभ्या राहत होत्या आणि दार रोज गोड आवाजात सांगत होतं, "व्यक्ती आढळली नाही." सलग तीन दिवस हजेरी लागली नाही की जागा रिकामी धरायची, असा नियम. तिसरा दिवस संध्याकाळी पाचला संपणार होता.

बाईंचा धाकटा भाऊ समोरच्या गल्लीतला फोटोवाला. दुपारी त्याला हे कळलं तेव्हा त्याचं डोकं इतकं तापलं, की फोटो धुवायचं औषध बशीतल्या बशीत उकळलं. शेजारचा न्हावी हे शपथेवर सांगतो, आणि न्हावी एरवी शपथ घेत नाही.

"तू त्याला सांगितलं नाहीस, ताई, की मी ही उभी आहे म्हणून?"

"सांगितलं. दोन कपाटांतली पुस्तकं ओळीने म्हणून दाखवली. दारच ते, त्याला कुठली वाचनाची आवड."

तो तिला घेऊन तडक इमारतीच्या बाजूने गेला आणि हजेरी बघणाऱ्या साहेबाच्या खिडकीवर उभा राहिला. साहेब तरुण, नम्र, गळ्यात ओळखपत्र.

"साहेब, ही कोण?"

"बाई. आमच्या ग्रंथपाल. लहानपणी पुस्तकावर शाई सांडली म्हणून कान धरला होता यांनी माझा."

"मग मांडा हजेरी."

"मला पटून काय उपयोग, काका? दाराला पटायला हवं."

फोटोवाल्याने खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात ठेवले. "तुम्हाला दोन डोळे आहेत. कान तर तुमचे सबंध गावात उठून दिसतात. आणि साक्ष दाराची? ही मला पाठमोरी कळते. अंधारात चपलेच्या आवाजावरून कळते. रागावलेली असली तर जिना चढतानाच कळते. हे कुठल्या रकान्यात भरलंय तुम्ही? हनुवटीपासून नाकापर्यंतचं अंतर म्हणजे माणूस असेल, तर टेबलाचाही पाय मोजा आणि त्याला पगारी रजा द्या. एकमेकांकडे बघायचा कंटाळा आलाय तुम्हाला, आणि त्या कंटाळ्याला सोय म्हणताय."

साहेबाने संगणकाचा पडदा खिडकीकडे वळवला. "फोटो बघा, काका. मग बोला."

दफ्तरातला ताईचा फोटो फोटोवाल्यानेच काढलेला होता. टपोरे, एकसारखे दोन डोळे, कोरलेल्या भुवया. शेजारी खरी ताई उभी होती. तिच्या डाव्या भुवईतून एक व्रण उतरलेला आणि त्याखालची पापणी अर्ध्यावर झुकलेली.

इथे त्याच्या धंद्याची रीत सांगायला हवी. त्याच्या स्टुडिओतून स्वतःचं तोंड घेऊन आजवर कुणी बाहेर पडलं नव्हतं. आधी बारीक ब्रशने आणि मग संगणकावर तो प्रत्येकाला 'टचिंग' करायचा. एका वकिलाला त्याने इतकं देखणं केलं होतं, की बायकोने फोटो परत धाडला, हे आमचे नव्हेत म्हणून. लोकांनाही ते हवं असायचं. पण ताईच्या फोटोत तो सगळ्यात आधी डावा डोळा उचलायचा, आणि तोही तिने न सांगता. नऊ वर्षांचा असताना त्यानेच भिरकावलेला दगड तिथे लागला होता. घरी ताईने सांगितलं, जिन्यावरून पडले. त्यानंतर दोघांत त्या गोष्टीचा एक शब्द निघाला नव्हता.

"नवा काढून आणतो," तो खालच्या आवाजात म्हणाला.

"नवा फोटो जुन्याशी जुळला तरच चढतो."

"म्हणजे खऱ्या बाईने आता खोट्या बाईसारखं दिसायचं?"

"जुना फोटो खोटा आहे, असं काढणाऱ्याने लिहून दिलं तर बदलता येतो. खोटा का केला, तेही लिहावं लागतं." साहेबाने एक कागद पुढे सरकवला.

फोटोवाल्याने कागदाला हात लावला नाही. "आधी हे सांगा, तुम्ही आत कसे आलात? तुमचाही दफ्तरातला फोटो मीच काढलेला. कान मी डोक्याला चिकटवले होते."

साहेबाचे ते कान लाल झाले. "मागच्या दाराने. तिथे वही आहे, सही करतो. आम्ही अकराजण तसेच येतो. बाईंनाही सुचवलं होतं."

"अकराजण," फोटोवाला म्हणाला. "अकरा माणसं चोरासारखी मागून शिरतात, पण दार चुकलं असं म्हणायची एकाची छाती नाही. आणि जी पुढून येते ती गैरहजर."

"मी मागून येणार नाही," ताई म्हणाली. "मी इथली आहे. नोकरी गेली तर पुढच्या दारावरून जाईल."

पावणेचार झाले होते. फोटोवाल्याने पेन मागून घेतलं. कारणाच्या रकान्यात पहिल्यांदा 'धंद्याची रीत' असं लिहिलं आणि खोडलं. मग लिहिलं: 'मी नऊ वर्षांचा असताना दगड मारला. डोळा दुरुस्त करणं हातात नव्हतं, म्हणून फोटो दुरुस्त केला.' खाली सही.

ताईने खांद्यावरून वाचलं. "जिन्यावरून पडले होते मी."

"ताई, आता नको."

"आईला मी तसंच सांगितलंय. चाळीस वर्षांनी मला खोटी पाडतोस?" आणि तिने तोंड दुसरीकडे फिरवलं, पण हात त्याच्या पाठीवर ठेवला.

स्टुडिओत स्टुलावर बसवून त्याने तिचा फोटो काढला. उजवा हात सवयीने टचिंगकडे जायला लागला, तेव्हा तो स्वतःच्या हातावर बसला आणि डाव्या हाताने फोटो साहेबाकडे धाडला.

पाचला दहा मिनिटं कमी असताना ताई दारासमोर उभी राहिली. काळ्या डोळ्याने बराच वेळ घेतला.

"व्यक्ती आढळली," दार म्हणालं.

"मोठी मेहरबानी," ताई म्हणाली. ती आत गेली, हजेरी लागल्याचं बघितलं, कपाटातला सगळ्यात जाड शब्दकोश उचलून आणला आणि उघड्या दाराच्या फटीत घातला. मग तिने आत हाक मारली, "मागचे सगळे पुढून या." एकेक करत अकराजण आले. शेवटी साहेब, कान धरून.

शब्दकोश अजून तिथेच आहे. दार मधूनच म्हणतं, व्यक्ती आढळली नाही. आत माणसं वाचत बसलेली असतात.