बाटली नंबर सत्तेचाळीस

चंद्रपुरात बिअरचा एवढा मोठा मेळा भरणार म्हटल्यावर सावली गावच्या बायांनी आधी तोंडावर पदर घेतला, आणि मग त्याच मेळ्यात मोहफुलांच्या लाडवांचा स्टॉल लावला. बरोबरच केलं. स्टॉलवर इंदुताई बसल्या होत्या, आणि मागच्या तंबूत बिअरच्या स्पर्धेच्या परीक्षकांच्या टेबलाशी त्यांच्याच शेजारच्या घरची भाग्यश्री. ही पोरगी नागपूरला खाण्यापिण्याचे जिन्नस तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. परीक्षक म्हणून मात्र ही पहिलीच खेप.

सकाळीच इंदुताईंनी तिला गाठलं होतं.

"भाग्या, त्या नागपूरच्या कंपनीनं आपलं फूल नेलं होतं ना, त्याची बिअर आज तुमच्याकडं येऊन राह्यली म्हनते. मेडल भेटलं तर पुढच्या साली अख्ख्या गावाचं फूल तेच घेतीन. ध्यानात ठेवजो."

"ताई, बाटलीवर नुसता नंबर असते. कोनाची कोनती, मले समजत नाई."

"तुले नाई समजत? लहानपनी माह्या टोपल्यातलं फूल हुंगून झाड सांगे तू!"

भाग्यश्रीने हसून वेळ मारून नेली. आपल्या गावचं फूल एका बाटलीत आहे, हे तिने आयोजकांना आधीच सांगून टाकलं होतं. बिअर तुम्ही केलेली नाही ना, मग बसा, असं ते म्हणाले होते.

टेबलाशी तिघं होती. पुण्याचे श्रीहरी सर मुख्य, बाजूला पुनम मॅडम, आणि ही. मोहाच्या सात बिअर आल्या. घोट घ्यायचा, लिहायचं, पाणी प्यायचं, कोरडं बिस्कीट चावायचं, पुढचा ग्लास. तिघांच्या गुणांत फार अंतर पडलं तर बोलून मिटवायचं, असा नियम. आणि नवा परीक्षक सारखा बाकीच्यांच्या उलटा चालला तर त्याला पुन्हा कोणी बोलवत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता.

सत्तेचाळीस नंबरचा ग्लास नाकाशी नेला आणि श्रीहरी सरांचे डोळेच मिटले. "वा! काय धूर आहे! जंगल उभं राहतं समोर. माझं तर सुवर्णपदक इथेच ठरलं."

"अप्रतिम," पुनम मॅडम म्हणाल्या.

भाग्यश्रीने हुंगलं आणि तिचा हात जागीच थांबला. हा वास तिच्या ओळखीचा होता. मोह पहाटे गळतो, आणि वाळक्या पाल्यात फूल हरवतं. म्हणून काही जण झाडाखालचा पालाच पेटवून देतात, की जमीन साफ. पण खालची राख गरम असेपर्यंत जे फूल पडतं ते करपतं. असलं फूल तिची आई निवडून फेकून द्यायची. आपलं नसेल हे, तिने मनाला समजावलं. यंदा पाला पेटवायचा नाही, खराट्याने झाडूनच फूल वेचायचं, असा शब्द खुद्द इंदुताईंनी गावात सगळ्यांकडून घेतला होता. आणि आपलंच निघालं तर? तिने दोनदा पेन उचलून खाली ठेवलं. मग एक घोट घेऊन कागदावर लिहिलं : करपलेलं फूल. आणि गुण पार खाली नेले.

"अहो, हे काय?" श्रीहरी सरांनी चष्मा काढला. "धुराची बिअर जगभर मुद्दाम करतात."

"सर, तो लाकडाचा धूर. हा पाल्याचा आहे. फूल राखेत पडलंय."

"पहिल्याच खेपेला इतका हट्ट बरा नव्हे."

भाग्यश्रीचे कान तापले. गप्प बसून दहा गुण वाढवले असते तर कोणाचं काय जात होतं? सर खूश, मॅडम खूश, गाव खूश. पण नाकाला खोटं पाडून इथे बसायचं तरी कशाला!

"बिअर थंड आहे म्हणून वास लपलाय," ती म्हणाली. "ग्लास दहा मिनिटं तसाच राहू द्या. मग घोट घ्या. मी चुकले तर माझा कागद मी स्वतः फाडते."

दहा मिनिटं गेली. मग श्रीहरी सरांनी घोट घेतला. तोंड वाकडं झालं. त्यांनी लगेच पाणी मागवलं.

"तवा करपल्यासारखं लागतंय," पुनम मॅडम पुटपुटल्या.

सरांनी आपल्या कागदावरचे गुण खोडले. माणूस मानी, पण खोटा नव्हता. "बरं झालं, अडून बसलात," ते म्हणाले.

दुपारी नावं उघडली. सत्तेचाळीस नंबर : नागपूरची कंपनी, फूल सावलीचं. पदक नाही.

भाग्यश्रीला रडूच आलं. मागच्या फाटकाने निघून जाता आलं असतं, पण ती तडक स्टॉलवर गेली.

"ताई, तुमची बिअर मीच पाडली. फूल जळकं होतं."

स्टॉलवरच्या बाया कोणी पाला पेटवला म्हणून एकमेकींकडे बघू लागल्या. इंदुताईंनी लाडवांचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं.

"एकमेकीकडं पाहू नका," त्या म्हणाल्या. "मीच पेटवला. तलावामागच्या दोन झाडाखाली. कंबर धरली होती माही, खराटा माराले वाकताच येत नव्हतं. तीनच टोपले होते, बाई. मले वाटलं, एवढ्या ढिगात कोनाले समजते?"

सगळ्या गावाकडून शब्द घेणारी बाई, आणि मान खाली घालून बसलेली. भाग्यश्रीचा राग कुठल्या कुठे गेला. ती त्यांच्या शेजारी बसली.

"सांगतलं काऊन नाई? मी आली असती."

"नोकरी सोडून?"

"सुट्टी घेऊन. येत्या मार्चात येईनच. झाडाखाली मी झाडीन, तुमी बसून फूल निवडा. कंपनीवाल्याशी मी बोलतो, ते नवं फूल त्याले आपन दोघी मिळून दाखवू."

इंदुताईंनी पदराने नाक पुसलं. "आन् पुढच्या साली त्या टेबलावर कोन बसन?"

"बोलावलं तर मीच. आन् जळकं लागलं तर पुन्हा पाडीन, ताई. आत्ताच सांगून ठेवतो."

इंदुताईंनी तिच्याकडे नीट बघितलं. मग झाकण उघडून एक लाडू तिच्या हातावर ठेवला.

"पाडजो," त्या म्हणाल्या. "आधी हा हुंगून सांग, कोनत्या झाडाचा."