लवू धुरींची पेटंट विळी

आमच्या घरात पेटंट हा शब्द उठताबसता वापरला जायचा. बाबांचा सकाळचा खोकला पेटंट, आईचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं पेटंट, आणि मी गणितात नापास झालो की बाबांचा एकच पेटंट प्रश्न, "पेटंटवाल्याचो नातू ना रे तू?" कारण आमच्या आजोबांच्या, लवू धुरींच्या नावावर खरोखरचं पेटंट होतं. १९१३ सालचं, कलकत्त्याहून आलेलं. तो इंग्रजी कागद काचेच्या फ्रेममध्ये देव्हाऱ्याशेजारी टांगलेला असायचा आणि आई रोज देवांबरोबर त्याच्याही कडेला एक फूल खोचायची. तो कुणी वाचला मात्र नव्हता. देवाला कोण वाचतं?

आजोबा तेव्हा माझगावला लाकडाच्या वखारीत कारकून होते. त्यांची विळी अशी, की बाई पाटावर बसली की तिच्या वजनाने खालची एक लाकडी जीभ दाबली जायची आणि पातं ताठ उभं राहायचं. बाई उठली की जीभ सुटायची आणि पातं आपोआप पाटाच्या खाचेत मिटायचं. रांगत्या पोराचा हात कापायची भीती नाही. ही युक्ती आजोबांना देवचाराने सांगितली असं घरात म्हणत. देवचार म्हणजे आमच्या मालवणच्या गावाचा राखणदार. तो वेस सोडून माझगावला विळी शिकवायला का आला, हे विचारायची आमच्यात पद्धत नव्हती. विळी काही बाजारात गेली नाही. एक नमुना तेवढा आमच्या माळ्यावर पडून होता.

मी स्वतः फोर्टमध्ये एका पेटंट एजंटच्या ऑफिसात ट्रेसर. लोकांनी शोधलेल्या वस्तूंची चित्रं शाईने आखायची आणि भागांना अक्षरं द्यायची, हे माझं काम. आमच्याकडून जाणाऱ्या प्रत्येक अर्जात एक वाक्य असतंच, की अर्जदार हा या शोधाचा खरा आणि पहिला शोधक आहे. वीस वर्षं ते वाक्य माझ्या टेबलावरून जात होतं.

शहाऐंशी साली माझा धाकटा भाऊ चंदर माळ्यावर चढला आणि विळी घेऊन उतरला. संपात त्याची गिरणी गेली ती गेलीच. चार वर्षं इकडेतिकडे हात मारून त्याने चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एका मित्राबरोबर गाळा घेतला होता.

"दादा, हीच बनवायची," तो म्हणाला. "झकास चालेल. खोक्यावर आजोबांचा फोटो टाकू. खाली लिहू, मूळ संशोधक कैलासवासी लवू धुरी. तू फक्त ते जुनं चित्र काढून दे."

कायद्याची काही अडचण नव्हती. पेटंट चौदा वर्षांनी मरतं, आजोबांचं सत्तावीस सालीच मेलं होतं. ती विळी आता कुणीही करावी. शिल्लक होतं ते फक्त नाव.

चित्रासाठी मी पहिल्यांदा ती फ्रेम उघडली. शिक्क्याच्या पानामागे घडी घातलेली आणखी दोन पानं निघाली, एक माहितीचं आणि एक चित्राचं. आखणी सुंदर होती, मी खूश होऊन वाचायला लागलो. माहितीत लिहिलं होतं, की एका लहान मुलीची दोन बोटं तुटलेली पाहून ही सुधारणा सुचली. आमच्या घराण्यात कुणाची बोटं तुटलेली नाहीत. मग चित्राखालची ओळ वाचली. आकृती एक, मिटलेली मोरली. आकृती दोन, उघडलेली मोरली. पुढे पानभर मोरलीच.

मालवणी माणूस विळीला आडाळी म्हणतो. आजोबा मरेपर्यंत आडाळीच म्हणाले, पुण्याच्या माझ्या काकूने विळी म्हटलं तरी हसायचे. मोरली हा शब्द मी फक्त एका माणसाच्या तोंडून ऐकला होता. आमच्या बोरिवलीच्या बिल्डिंगच्या गेटवर मासे घेऊन बसणाऱ्या, गोराईच्या अंजनाबाईंच्या.

मला तिथेच कळलं. कळलं नाही असं म्हणण्याइतका मी भोळा नाही. वखारीतला कारकून होड्यांचं लाकूड पोचवायला गोराईला जात असणार, एवढं कुणालाही जोडता येईल. मी पानं घडी केली, चित्र आखून चंदरला दिलं आणि कुणाजवळ काही बोललो नाही, सुलक्षणाजवळसुद्धा. सुलक्षणा म्हणजे माझी बायको, म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवते.

पहिल्या पन्नास विळ्या तयार झाल्यावर चंदरने रविवारची सकाळ गाठली. रविवारी सगळ्या बिल्डिंगच्या बायका अंजनाबाईंभोवती असतात, वेगळी माणसं जमवायला नकोत. त्याने गेटशी स्टूल मांडलं, त्यावर फ्रेम ठेवली. चित्राचं पान पुढे लावायचा हट्ट त्याचाच, त्यातलं इंग्रजी मात्र तिथे माझ्याशिवाय कुणाला धड वाचता येत नव्हतं. मी बाजूला खोक्यांपाशी उभा होतो, इस्त्रीचा शर्ट घालून.

"मावशी, आज सुरमई हिच्यावर कापून बघा," चंदर म्हणाला आणि एक नवीकोरी विळी त्याने अंजनाबाईंपुढे ठेवली. "थांबा, कशी वापरायची ते दाखवतो."

त्याला दाखवावं लागलं नाही. सत्तरीच्या अंजनाबाई पाटावर बसल्या, पातं उभं राहिलं. त्यांनी गुडघा किंचित उचलला, पातं मिटलं. मग न बघता त्यांचा हात पाटाखाली गेला आणि बोटांनी ती जीभ चाचपली, आपण अंधारात आपल्या घरचा दिवा लावतो तशी.

"ही आमचे बाबाची मोरली," त्या म्हणाल्या.

बायका हसल्या. अंजनाबाई हसल्या नाहीत. "खरं सांगतंय. धोंडू सुतार, माझा बाप. होड्या करायचा. माझी थोरली भन कमळ रांगत होती, तवा तिची दोन बोटां तुटली. मंग बाबानं ही केली. वखारीचा एक कारकून यायचा लाकूड घेवन. बघाला म्हनून एक मोरली नेली त्यानं, ती काय परत आनली नाय. बाबा मरंपर्यंत सांगायचा."

चंदरचा चेहरा उतरला. बायका एकदा अंजनाबाईंकडे, एकदा खोक्यावरच्या आजोबांच्या फोटोकडे बघायला लागल्या.

"मावशी, असं कसं? सरकारचा कागद आहे ना," चंदर म्हणाला. "दादा, तू वाचून दाखव यार. तुझं तर कामच ते."

"वाच रे जयवंता," अंजनाबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात भांडण नव्हतं. बारा वर्षं त्या मला ओळखत होत्या, माझ्या मुलीच्या बारशाला ताजे पापलेट घेऊन आल्या होत्या. "त्यात काय नाव लिवलंय तेवढं सांग. बाबाला दुसरा शब्द ठाव नव्हता. मोरली लिवलं असंल तर ती आमची. तुमचे बोलीतला शब्द असंल तर तुमची. मी गप बसतंय."

इतका सरळ निवाडा आमच्या ऑफिसात मी कधी ऐकला नाही.

मी फ्रेम हातात घेतली. इंग्रजी पाच अक्षरं माझ्या डोळ्यांसमोर होती, ठळक छापलेली. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. खरं वाचलं असतं तरी चंदरचा गाळा बंद होणार नव्हता, एकही विळी कमी खपली नसती. फक्त खोक्यावरचं नाव बदललं असतं. पण वीस बायका बघत होत्या, आणि मी पेटंटवाल्याचा नातू होतो. मी घसा साफ करून फडाफडा इंग्रजी वाचलं, साहेबासारखं, आणि तो शब्द आला तिथे आडाळी म्हणालो. एकदा नाही, तीनदा. मग मराठीत अर्थही सांगितला. "आकृती एक, मिटलेली आडाळी. हे बघा, इथे. आडाळी."

वर बोटही ठेवलं. बरोबर मोरलीवर.

अंजनाबाई त्या बोटाकडे थोडा वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी पदराने विळीचं पातं पुसलं, पाट पुसला आणि दोन्ही हातांनी ती चंदरला परत दिली.

"मंग माझीच चूक," त्या म्हणाल्या. "बाबा गप्पाच मारायचा म्हनायचं. पन्नास वर्सं मी पोरांना सांगत आलंय."

त्यांनी स्वतःची जुनी विळी ओढली आणि सुरमई कापायला घेतली. चंदरने त्या दिवशी अकरा विळ्या विकल्या. जेवताना तो म्हणाला, दादा, तू होतास म्हणून, नाहीतर वाट लागली होती. माझ्या पानात सुरमईचा तुकडा होता. अंजनाबाईंनी पैसे घेतले नव्हते, खोटा आळ घेतला म्हणून.

त्यानंतर दोन रविवार त्या आल्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात मी ऑफिसला दांडी मारली, फ्रेममधली पानं पिशवीत घातली आणि होडीने खाडी ओलांडून गोराईला गेलो. कबूल करायचं ठरवूनच गेलो होतो. एकट्यात, दोन माणसांत, आवाज न करता.

घरी अंजनाबाई नव्हत्या. ओट्यावर एक फार म्हातारी बाई सुके बोंबील निवडत बसली होती. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं अर्ध्यावर संपलेली होती. ती कमळ आहे हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

"अंजना बाजारात गेलीय," ती म्हणाली. "तू बोरिवलीचा काय? मंग तुला ठाव असंल. कुनीतरी कागद वाचला तिचेफुडं. बाप मेला तवा नाय रडली, येवढी रडली. बाबाची मोरली होती घरात, ती तिनं माळ्यावर टाकली. बोलली, दुसऱ्याची बघून केलेली वस्तू नको डोल्यांफुडं. मी सांगतंय, अगो, माझी बोटां काय दुसऱ्याची हायत? पन कागदाफुडं कोन काय बोलनार."

मी पिशवीतून पान काढलं. चित्राखाली बोट ठेवून वाचलं, "मोरली."

"लिवलंय तसं?"

"लिवलंय."

"मंग कागद कुनी वाचला?"

मी पानाची घडी घालायला लागलो. तिने मान वर करून माझ्याकडे नीट बघितलं, आणि मला वाटलं आता ही शिव्या घालेल, घालू दे, बरं वाटेल. पण कमळबाईंनी पुन्हा बोंबील हातात घेतले.

"मना नको वाचून दाखवू," त्या म्हणाल्या. "मना ठावच हाय. अंजनाला वाच. जितं तिला खोटी पाडलीस तितं, त्याच बायांफुडं. रविवारी पाठवतंय तिला."

मी हो म्हणालो. परतीच्या होडीत मला हलकंसुद्धा वाटलं, याचीही आता लाज वाटते. घरी येऊन सुलक्षणाला सगळं सांगितलं. ती ऐकून फक्त म्हणाली, "रविवारी वाचा म्हणजे झालं." चंदरलाही तिनेच फोन करून सांगितलं. तो चिडला, मग म्हणाला की खोकी पुन्हा छापता येतात.

रविवारी सकाळी मी दाढी केली, शर्ट घातला. गॅलरीतून बघितलं तर अंजनाबाई गेटशी बसल्या होत्या आणि भोवती बायका. मी फ्रेम पिशवीत घालून एक मजला उतरलोही. जिन्याच्या खिडकीतून त्या बायकांचं हसणं ऐकू आलं. कसल्यातरी भलत्याच गोष्टीवर हसत असतील. मी तिथे उभा राहिलो, एक पायरी खाली गेलो, आणि मग वर आलो.

"बोंबील मिळाले तर घेऊन ये," मी सुलक्षणाला म्हणालो आणि पिशवी तिच्याकडे दिली.

तिने पिशवीत डोकावून बघितलं. फ्रेम तशीच होती. तिने माझ्याकडे पाहिलं. चपला घातल्या आणि पिशवी घेऊन खाली गेली. मी दाराच्या आत उभा राहिलो. दार लावून घ्यावं असं वाटत होतं, तेही जमलं नाही.

थोड्या वेळाने तिचा आवाज आला, शाळेत हजेरी घेते तसा, प्रत्येक शब्द सुटा. "आकृती एक, मिटलेली मोरली. आकृती दोन, उघडलेली मोरली. इथे सगळीकडे मोरलीच लिहिलंय, मावशी. त्या दिवशी चुकीचं वाचलं होतं."

मग अंजनाबाईंचा आवाज आला, त्या रविवारसारखाच, त्यात भांडण नव्हतं.

"जयवंत कुठं हाय?"

"घरीच आहेत," सुलक्षणा म्हणाली. "वर."